गच्चीवर ४० आणि ८० मीटरचा डायपोल: वायर किती कापायची?

प्रश्न हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी रेडिओच्या अँटेनाचा आहे, थोडक्यात असा. (४० मीटर, ८० मीटर ही वेव्हलेंग्थवरून पडलेली बँडची नावं, ४० म्हणजे ७.१ मेगाहर्ट्झच्या आसपास, ८० म्हणजे ३.६ च्या.) कर्वेनगरला चार मजली सोसायटी, गच्ची १२ बाय ९ मीटर, मधोमध ६ मीटरचा पाईप उभा करायला सेक्रेटरींनी हो म्हटलंय, आणि त्या पाईपवरून कोपऱ्या-कोपऱ्यात ४० मीटरचा इन्व्हर्टेड व्ही, म्हणजे मधे उंच आणि दोन्ही बाजूंना उतरता डायपोल (मधोमध केबल जोडलेली दोन बाजूंची वायर), टांगलाय, उरलेली टोकं कठड्याच्या लोखंडी रेलिंगच्या बाजूने वळवली आहेत. वायर घरगुती वायरिंगचीच, १.५ स्क्वेअर एमएम, पीव्हीसीवाली. १४३ भागिले ७.१ करून एकूण २०.१४ मीटर कापली, पण नॅनोव्हीएनएवर (अँटेना मोजायचं छोटं यंत्र) डिप, म्हणजे अँटेना जिथे जुळते तो कर्व्हमधला खड्डा, येतोय ६.८२ मेगाहर्ट्झला. एक जण सांगतो १५० चा फॉर्म्युला धर, दुसरा १४३ म्हणतो, तिसरा फुटातला ४६८. मग यातला बरोबर कुठला? आणि ८० मीटर याच गच्चीवर बसेल का?

आधी एक सांगून टाकतो, तुमचं काहीच चुकलेलं नाहीये. ६.८२ हा अगदी अपेक्षित आकडा आहे, उलट पीव्हीसी वायर लावून पहिल्याच फटक्यात ७.१ ला डिप आला असता तर मी टेप तपासायला सांगितली असती.

फॉर्म्युल्याचं बघू. प्रकाशाचा वेग सेकंदाला जवळजवळ ३० कोटी मीटर, त्याला फ्रिक्वेन्सीने भागलं की वेव्हलेंग्थ, त्याच्या निम्मे केले की हाफ वेव्ह. म्हणजे मेगाहर्ट्झमध्ये हिशेब धरला तर १५० भागिले एफ. हा १५० मोकळ्या आकाशातला, तिथे वायरच नाहीये. खरी वायर टांगली की तिच्या दोन्ही टोकांना कपॅसिटन्स असतो, वायरला जाडी असते, टोकाला इन्सुलेटर आणि गाठ असते, त्यामुळे वायर आहे त्यापेक्षा थोडी लांब असल्यासारखी वागते, साधारण ५ टक्के. १५० मधून ५ टक्के काढले की १४२.५. आणि फुटातला ४६८ मीटरमध्ये केला तर १४२.६ येतो. म्हणजे १४३ आणि ४६८ ही एकच गोष्ट आहे, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही, आणि १५० हा कापायचा आकडाच नव्हे.

हा ५ टक्क्यांचा परिणाम फक्त दोन टोकांचा आहे हे लक्षात ठेवा, कारण त्याची एक गंमत लगेच दिसते. ४० चा डायपोल १५ मीटरच्या बँडवर पण चालतो असं सगळे सांगतात, तीन हाफ वेव्ह म्हणून. ७.१ ची तिप्पट २१.३, म्हणजे बरोब्बर बँडच्या आत. पण स्वीप केलात, म्हणजे नॅनोव्हीएनए सगळ्या फ्रिक्वेन्सींवरून फिरवलात, तर डिप २२ मेगाहर्ट्झच्या आसपास दिसेल, बँडच्या बाहेर वर. कारण वायरवर तीन हाफ वेव्ह बसल्या तरी टोकं दोनच आहेत, मधल्या भागाला टोक-कपॅसिटन्स नाही, म्हणून ती तेवढी "लांब" होत नाही. १५ वर रिगचा (रेडिओ सेटचा) ट्यूनर, म्हणजे अँटेना जुळवून घेणारं सर्किट, लावून काम होतं, पण डिप तिथे का नाही म्हणून वायरमध्ये दोष शोधत बसू नका.

आता तुमच्या ६.८२ कडे. १४३ हा आकडा नागड्या तांब्याच्या वायरीचा, सरळ आणि बऱ्यापैकी मोकळी टांगलेली. तुमच्या वायरीवर पीव्हीसी आहे. प्लास्टिकमधून लाट जरा हळू जाते, आणि वायरवर जो काही प्रवास असतो तो अगदी वायरीला चिकटूनच असतो, म्हणून एवढ्याशा जाडीच्या कव्हरनेही फरक पडतो. वायरिंगच्या वायरीला सर्वसाधारण ३ टक्के धरा, कव्हर जाड असेल तर जास्त, पातळ असेल तर कमी. उरलेला एक टक्का तुमच्या टोकांनी खाल्लाय, ती कठड्याजवळ आहेत, कठड्यावर लोखंडी रेलिंग आहे, खाली स्लॅबमध्ये सळ्या आहेत. सगळे मिळून ४ टक्के. ७.१ चे ४ टक्के काढा, ६.८२ येतो की नाही बघा.

म्हणून माझा सल्ला असा की फॉर्म्युला कुठला हा प्रश्न इथेच सोडून द्या आणि तुमचा स्वतःचा आकडा काढा. लांबी गुणिले डिपची फ्रिक्वेन्सी: २०.१४ गुणिले ६.८२, आले १३७.४. हा तुमच्या वायरीचा, तुमच्या गच्चीचा, तुमच्या उंचीचा आकडा. शिंप्याने अंगावर घेतलेलं माप जसं दुसऱ्याला चालत नाही तसंच हे आहे, माझ्या गच्चीवरचा आकडा तुम्हाला उपयोगी नाही आणि तुमचा मला नाही. १३७.४ भागिले ७.१ म्हणजे १९.३५ मीटर. एकूण ७९ सेंटीमीटर कमी करायचे, म्हणजे प्रत्येक बाजूचे साधारण ४०.

पण थांबा, लगेच ४० सेंटीमीटर कापू नका. दोन कारणं आहेत. पहिलं म्हणजे वायर कमी केली की टोक कठड्यापासून जरा लांब सरकतं, दोरी वाढते, टोकाचा कपॅसिटन्स बदलतो, आणि आकडा १३७.४ चा १३७.८ किंवा १३८ होतो. म्हणून हिशेबाने जेवढं येतं त्याच्या दोन तृतीयांशच आधी घ्यायचं, तुमच्या बाबतीत बाजूला २६ सेंटीमीटर, मग परत स्वीप, मग परत नवा गुणाकार. दुसरं कारण ८० मीटरचं आहे, त्याकडे खाली येतो.

आणि कापायचंही नाही, दुमडायचं. टोकाच्या इन्सुलेटरमधून वायर मागे आणून स्वतःवरच घट्ट गुंडाळा, दुमडलेला भाग वायरीला चिकटून असला की अँटेनाला तो बहुतेक दिसतच नाही. पीव्हीसी वायर दुमडली तर पूर्ण कापल्याइतका फरक पडत नाही, थोडे किलोहर्ट्झ खाली राहतो, तेवढं शेवटी बघता येतं. मात्र दुमडलेलं शेपूट मोकळं लोंबकळत ठेवलं तर ते अँटेनाचाच भाग धरलं जाईल आणि तुमचा हिशेब गंडेल.

माप कुठून घ्यायचं यावर पण बरेच घोळ होतात. फीडपॉइंटला, म्हणजे रेडिओकडून आलेली कोॲक्स केबल वायरीला जोडते तिथे, जिथे कोॲक्सची आतली तार आणि जाळी वेगळी होते तिथून मोजायला सुरुवात. म्हणजे जाळीची पाच सेंटीमीटरची शेपटी काढून तिला वायर सोल्डर केली असेल तर ती पाचही अँटेनात आली. दुसऱ्या टोकाला इन्सुलेटरच्या भोकातून वायर जिथे वळते तिथपर्यंत. वायर जमिनीवर सरळ पसरून, हलकीशी ताणून मोजा. गुंडाळीतून नुकती काढलेली वायर लाटालाटांची असते आणि २० मीटरमध्ये त्या लाटाच ५-१० सेंटीमीटर खाऊन जातात.

किती सेंटीमीटरला किती फरक हे डोक्यात ठेवलं की गच्चीवर कॅल्क्युलेटर लागत नाही. ४० मीटरला दोन्ही बाजूंचा एकेक सेंटीमीटर कमी केला की डिप ७ किलोहर्ट्झ वर सरकतो. ८० ला पूर्ण लांबीच्या डायपोलमध्ये तेच एक सेंटीमीटर २ किलोहर्ट्झपेक्षा थोडं कमीच देतं. १६० मीटरच्या बँडला तर अर्धा किलोहर्ट्झ. त्यामुळे ८० वर सेंटीमीटर-सेंटीमीटर कातरत बसणारे लोक बघितले की मला कळत नाही ते नक्की काय करतायत, तिथे एका वेळी २०-२० सेंटीमीटर घ्यायला काहीच हरकत नाही.

उन्हाने वायर लांबते म्हणून डिप हलतो असं पण ऐकायला मिळतं. लांबते, पण तांबं एक डिग्रीला लाखात १.७ भाग वाढतं, थंडीतल्या सकाळपासून ३० डिग्री वर गेलं तरी २० मीटरला एक सेंटीमीटर, म्हणजे ७.१ वर साडेतीन किलोहर्ट्झ. विसरून जा. खरा त्रास ताणाचा आहे. वायरिंगची बहुतारी वायर मऊ तांब्याची, ती ताणून बांधली की महिन्या-दोन महिन्यांत कायमची लांबते, आणि डिप खाली गेला की माणूस हवामानाला नाव ठेवतो. ४० ला ही वायर चालते, थोडा झोल ठेवून बांधा. झोलाची भीती नको, २० मीटरच्या गाळ्यात मधे एक मीटर झोल दिला तरी वायर फक्त १३ सेंटीमीटर जास्त लागते. मोठ्या गाळ्याला कडक ओढलेली तांब्याची तार मिळाली तर बघा. वायर घ्यायला तपकीर गल्लीत जाणार असाल तर ९० मीटरची पूर्ण गुंडाळीच घ्या, तुकड्यात घेतलेली महाग पडते आणि शिवाय पुढच्या प्रयोगाला लागतेच.

स्वीप घेताना कोॲक्सकडे लक्ष द्या. नॅनोव्हीएनए खाली शॅकमध्ये (रेडिओच्या खोलीत) आणि १५-२० मीटर आरजी-५८ कोॲक्स मधे असेल तर स्क्रीनवर दिसतंय ते अँटेना आणि केबल दोघांचं मिळून. एसडब्ल्यूआरचा (जुळणीचं माप, १ म्हणजे पूर्ण जुळणी) डिप बहुतेक जागेवरच दिसतो, पण आर (रेझिस्टन्स) आणि एक्सचे (रिॲक्टन्स) आकडे मात्र फिरलेले असतात, त्यावर विश्वास ठेवायचा नाही. एक तर केबलच्या वरच्या टोकाला ओपन, शॉर्ट, लोड (कॅलिब्रेशनचे तीन तुकडे) लावून तिथेच कॅलिब्रेट करा, नाहीतर हाफ वेव्हची केबल वापरा. साध्या आरजी-५८ ला व्हेलॉसिटी फॅक्टर (केबलमधला वेग भागिले प्रकाशाचा वेग) ०.६६, म्हणजे ७.१ ला १५० भागिले ७.१ गुणिले ०.६६, १३.९ मीटर. एवढ्या केबलच्या खालच्या टोकाला वरच्यासारखंच इंपिडन्स (एसी करंटला होणारा एकूण अडथळा) दिसतं. इथे १५० च धरायचा बरं का, १४३ नाही, कारण केबलला टोकाचा परिणाम नसतो, तिचा तिचा फॅक्टर असतो.

आणि स्वीप चालू असताना केबल हातात घट्ट धरून बघा. कर्व्ह हलला तर केबलची बाहेरची बाजू अँटेना झालेली आहे, आणि मग तुम्ही २० मीटर वायर नाही तर २० मीटर वायर आणि वर केबल असं काहीतरी ट्यून करताय. फीडपॉइंटला चोक हवा, केबलच्या बाहेरच्या बाजूचा करंट अडवणारा. ३१ मिक्सची (मिक्स म्हणजे फेराइटचा प्रकार) मोठी फेराइट रिंग मिळाली तर तिच्यावर आरजी-५८ चे दहा-बारा फेरे, लो बँडला (४०, ८०, १६०) ती ४३ मिक्सपेक्षा बरी. चोक आधी, लांबीचा हिशेब नंतर, उलट केलंत तर सगळं परत करावं लागेल.

तुमचा पाईप ६ मीटर, टोकं स्लॅबपासून अडीच मीटरवर आहेत असं धरतो. कर्ण १५ मीटर, अर्धा साडेसात, उंचीतला फरक साडेतीन, म्हणजे शेंड्यापासून कोपऱ्यापर्यंत वायर बसते ८.२८ मीटर. लागणार ९.६७. उरलेले १.४ मीटर कठड्याच्या बाजूने वळवलेत ते ठीक आहे, त्याने काही बिघडत नाही. कारण डायपोलमध्ये करंट मधे जास्तीत जास्त आणि टोकाला शून्य, कोसाइनच्या आकाराने. करंट गुणिले लांबी असा हिशेब केला तर तुमच्या सरळ भागातच ९७ टक्के काम होतं, वळलेल्या टोकांच्या वाट्याला उरलं ३ टक्के. मधला अर्धा भाग एकटाच ७१ टक्के करतो. म्हणून मधला भाग उंच आणि सरळ ठेवा, टोकांचे लाड करू नका. फक्त टोकांना हात लागणार नाही असं बघा, शंभर वॉटला तिथे शेकड्यांत व्होल्टेज असतं आणि गच्चीवर पापड-कुरडया, वाळत घातलेले कपडे, पतंग उडवणारी पोरं सगळंच असतं.

आता ८०. १३७.४ भागिले ३.६, ३८.२ मीटर, बाजूला १९.१. कोपऱ्यापर्यंत ८.२८ गेले, उरले जवळजवळ ११ मीटर प्रत्येक बाजूला. इथे लोक सरळ कठड्यावरून वायर फिरवतात, ४० ला चाललं तर ८० ला का नाही म्हणून. इथेच गडबड आहे. कोपऱ्यात पोचलेली वायर १२ मीटरच्या बाजूने वळवली तर कर्णाशी तिचा कोन फक्त ३७ अंशांचा होतो, म्हणजे ती जवळजवळ आल्या वाटेनेच परत निघते. त्या भागातला करंट मधल्या भागाच्या उलट दिशेने वाहतो आणि त्याचं काम खोडतो. सरळ भागात पूर्ण डायपोलच्या ६३ टक्के काम होत होतं ते खोडाखोड होऊन ४० टक्क्यांवर येतं. ९ मीटरच्या बाजूने वळवली तर कोन ५३ चा, मग ५० टक्क्यांच्या आसपास राहतं, ते त्यातल्या त्यात बरं. वर ती ११ मीटर वायर रेलिंगला समांतर पळणार, म्हणजे डिप कुठे येईल ते देवालाच माहीत आणि लॉस वेगळा.

त्यामुळे सगळ्यात आधी गच्चीच्या बाहेर बघा. कंपाउंडात, तुमच्याच सोसायटीच्या हद्दीत, कोपऱ्याच्या सरळ रेषेत एखादा नारळ, अशोक, आंबा काहीही असेल तर वायर कोपऱ्यावरून तशीच पुढे उतरत न्या आणि शेवटचे मीटर नायलॉनच्या दोरीवर सोडा, टोक जमिनीपासून चार-पाच मीटर वर राहील असं. एकाच बाजूला झाड असलं तरी चालेल, ती बाजू सरळ आणि दुसरी ९ मीटरच्या बाजूने वळवलेली, डायपोल थोडा वाकडातिकडा झाला म्हणून रुसत नाही. फक्त खालून किंवा शेजारून महावितरणची लाईन जात असेल तर तो विचार तिथेच सोडा. वायर तुटून पडली तरी लाईनपर्यंत पोचणार नाही एवढं अंतर हवं, यात तडजोड नाही. आणि शेजाऱ्यांच्या बाल्कनीसमोरून टोक खाली सोडायचं हेही नको, तांत्रिक कारणं बाजूला ठेवली तरी पुढच्या एजीएममध्ये विषय निघेल.

झाड नसेल तर कॉइल, आखूड वायरीला लांब वायरीसारखं वागायला लावणारी. तुमच्या ८.२८ मीटरच्या बाजूत बरोब्बर मधे, ४.१४ वर, कॉइल टाकायची. वायर आणि कॉइलचं गणित केलं तर ३.६ ला एका बाजूला साधारण ६३ मायक्रोहेन्री (कॉइलच्या इंडक्टन्सचं माप) लागतात. ५० मिलिमीटर बाहेरच्या व्यासाच्या पीव्हीसी पाईपवर १ मिलिमीटर एनामल्ड वायर चिकटून गुंडाळली तर ४२ फेऱ्यांना ६५ मायक्रोहेन्री येतात. ४२ ने सुरुवात करा. टोकं कठड्याजवळ आहेत म्हणून प्रत्यक्षात थोडे कमीच लागतील, डिप खाली दिसेल, दोन्ही कॉइलचा एकेक फेरा काढला की पन्नासेक किलोहर्ट्झ वर सरकतो. फेऱ्यांनी जवळ आणायचं आणि शेवटचं बारीक काम टोकाच्या वायरीने करायचं.

इथे एक मोठी सूचना. वर सांगितलेला लांबी गुणिले फ्रिक्वेन्सीचा हिशेब कॉइलवाल्या अँटेनाला लावायचा नाही. तो फक्त सगळी वायरच असेल तेव्हा चालतो. कॉइल असली की कॉइलच्या बाहेरचा तुकडा खूप संवेदनशील होतो, दोन्ही टोकांचा एकेक सेंटीमीटर काढला की ८० वर चार-पाच किलोहर्ट्झ सरकतात, साध्या डायपोलच्या दुपटीहून जास्त. आतल्या तुकड्याला हात लावू नका, त्याचा परिणाम कमी आणि त्रास जास्त.

कॉइल काय घेते ते पण ऐकून ठेवा. ६३ मायक्रोहेन्रीची रिॲक्टन्स ३.६ ला १४०० ओहमच्या वर. पाईपवर गुंडाळलेल्या कॉइलचा क्यू (रिॲक्टन्स भागिले रेझिस्टन्स, जास्त म्हणजे चांगली कॉइल) २०० धरला तर प्रत्येकीत ७ ओहम रेझिस्टन्स, आणि एवढ्या आखूड डायपोलचा रेडिएशन रेझिस्टन्स (जी पॉवर लाटेत जाते तिचा हिस्सा) १८ च्या आसपास. म्हणजे फीडपॉइंटला दिसणाऱ्या तीसेक ओहमातले डझनभर कॉइलच्या उष्णतेत गेले, पॉवरचे ४० टक्के. ऐकायला भयानक वाटतं पण डीबीत बघितलं तर सव्वादोन, समोरच्याच्या सिग्नल मीटरवर अर्धं एस-युनिटही (त्या मीटरवरची एक पायरी) नाही. मला हा सौदा मान्य आहे. कागदावरचा हिशेब आहे, जमिनीचे आणि स्लॅबचे लॉस वेगळे.

यातून अजून एक गोष्ट निघते. तीस ओहम म्हणजे ५० च्या केबलला एसडब्ल्यूआर १.६-१.७. तेवढा दिसला तर खूश व्हा. आखूड कॉइलवाल्या अँटेनाचा एसडब्ल्यूआर १.० दिसला तर मला आधी शंका येते की उरलेले ओहम कुठून आले, गंजलेल्या जोडातून, पाणी शिरलेल्या कोॲक्समधून का रेलिंगमधून. साध्या ४० च्या डायपोललासुद्धा १.३-१.४ आला तर तो खाली आणायला वायर कातरू नका. लांबीने डिपची जागा बदलते, डिपची खोली उंचीने आणि कोनाने ठरते.

बँडविड्थ मात्र खरोखर जाते. ४० ला ७.० ते ७.२ म्हणजे फक्त २.८ टक्के, तुमचा डायपोल सगळा बँड एसडब्ल्यूआर २ च्या आत घेईल. ८० ला ३.५ ते ३.७ म्हणजे साडेपाच टक्के, पूर्ण लांबीच्या डायपोललाही कडेला ओढाताण होते. आणि कॉइलवाल्याला २ च्या आत वीस-पंचवीस किलोहर्ट्झ मिळतील, त्यापेक्षा जास्त अपेक्षा नको. म्हणून आधी ठरवा कुठे बसायचंय. एफटी-८ (कॉम्प्युटरवरून चालणारा डिजिटल मोड) करायचं असेल तर ३.५७३, संध्याकाळी गप्पा मारायच्या असतील तर तुमचा ग्रुप जिथे असतो तिथे. टोकाला मगर-क्लिपने जोडता येईल असा वायरीचा छोटा तुकडा ठेवलात तर दोन जागांमधे बदल करता येतो, फक्त दर वेळी गच्चीवर जावं लागेल.

आता ते दुसरं कारण, ४० सेंटीमीटर लगेच का कापायचे नाहीत. तुमच्या गच्चीला कर्ण दोन आहेत. ४० एका कर्णावर आहेच, ८० दुसऱ्यावर टाका, पाईप तोच, फीडपॉइंट तोच, कोॲक्स एकच. दोन्ही कर्ण एकमेकांना ७४ अंशांत छेदतात, म्हणजे वायरी पुरेशा लांब राहतात आणि एकमेकींना फार त्रास देत नाहीत. ज्या बँडवर बोलताय ती वायर पॉवर घेते, दुसरी जास्त इंपिडन्समुळे बाजूला राहते. पण थोडा त्रास देतातच, ८० ची जोडी लागली की ४० चा डिप जागचा हलणार. म्हणून क्रम असा, ४० आत्ता बाजूला २६ सेंटीमीटर दुमडून जरा लांबच ठेवा, मग ८० लावून ते जागेवर आणा, आणि मग परत ४० वर येऊन शेवटचा हिशेब. एकदा झालं की ८० परत तपासा, बहुतेक जागेवरच असेल.

एंड-फेडबद्दल, म्हणजे एका टोकाला फीड दिलेल्या वायरीबद्दल, विचाराल म्हणून सांगतो. ४९:१ ट्रान्सफॉर्मरवाल्या एंड-फेडला पण हाफ वेव्हच लागते, ४० ला तीच १९-२० मीटर, ८० ला तीच ३८-४०. फीड टोकाला गेला म्हणून वायर आखूड होत नाही. तुमच्या गच्चीचा प्रश्न त्याने सुटत नाही, उलट तिथे चोक आणि काउंटरपॉइजची (परतीच्या करंटसाठीच्या वायरीची) काळजी जास्त घ्यावी लागते. ९:१ ट्रान्सफॉर्मरवाली रँडम वायर (कुठल्याही एका बँडला न जुळवलेली) लावणार असाल तर लांबी मुद्दाम हाफ वेव्हपासून दूर ठेवायची, २० आणि ४० मीटर लांबी टाळायची, १६ मीटरच्या आसपासची चालून जाते, पण ट्यूनर हवाच.

१६० चं या गच्चीवर मनातही आणू नका. १४३ भागिले १.८२, ७८.६ मीटर, जवळपास अख्खी गुंडाळी. कुणाचं मुळशीकडे किंवा सासवडच्या बाजूला शेत असेल तर हिवाळ्यात एखाद्या रात्री तिथे जाऊन टांगा, मजा येते.

उंचीचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीये पण ८० ला उंची कमी पडते असं कुणीतरी सांगेलच. इमारत धरून तुमचा शेंडा जमिनीपासून १८-१९ मीटर, ८० ला पाव वेव्हलेंग्थही भरत नाही. मग पॉवर बरीचशी सरळ वर जाते आणि आयनोस्फिअरवरून परत आपल्याच डोक्यावर येते. सातारा, कोल्हापूर, नाशिक, संभाजीनगर इतकं बोलायचं असेल तर तेच हवंय. दिवसा हे काम ४० करेल, सूर्य वर असताना ८० ला आयनोस्फिअरचा खालचा डी लेयर गिळून टाकतो, संध्याकाळनंतर ८० उघडतं. युरोप-अमेरिका ८० वर हवी असेल तर इन्व्हर्टेड एल (उभी जाऊन वर आडवी वळणारी वायर) आणि रेडियल्स (जमिनीवर पसरलेल्या वायरी), तो वेगळा विषय आहे आणि तिथे लांबीपेक्षा जमिनीचं गणित मोठं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी लो बँडला सगळ्यात शांत. मे महिन्यात वळवाचे ढग उठले की ८० वर नुसता कडकडाट, तेव्हा केबल काढून बाहेर ठेवा. लिफ्टच्या ड्राइव्हचा आणि सोलर इन्व्हर्टरचा आवाज तर बारा महिने आहेच, लिफ्ट बंद असताना एकदा ऐकून बघा म्हणजे काय कुणाचं ते कळेल.

शेवटचं, पावसात ट्यूनिंग करू नका. पीव्हीसीवर पाण्याचा थर बसला की डिप अजून थोडा खाली सरकतो, कॉइलवाल्या ८० ला तर चांगलाच जाणवतो, आणि तेव्हा वायर कमी केलीत तर वाळल्यावर वर पळालेली सापडेल. कॉइलवर उष्णतेने आवळणारी स्लीव्ह किंवा वार्निश मारा, पाईपच्या दोन्ही बाजू बंद करा पण खालून एक बारीक भोक ठेवा. २६ सेंटीमीटर दुमडून झाले की नवा डिप कळवा, ७ मेगाहर्ट्झच्या आसपास यायला हवा. फार वेगळा आला तर चोक लावलाय का ते आधी सांगा.